बिरसी ते बेलोरा: हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ असा काढा

हिशेबासाठी गोंदियाचा बिरसी आणि अमरावतीचा बेलोरा हे विमानतळ घेऊ. या मार्गावर थेट विमान आहे की नाही, हा वेगळा प्रश्न. रीत कुठल्याही दोन विमानतळांना लागू पडते.

आधी नकाशात धावपट्टीवर बोट दाबून धरा, अक्षांश-रेखांश दिसतात. शहराचा बिंदू घेऊ नका. दोन्ही विमानतळ गावाबाहेर आहेत. नुसते ‘अमरावती’ शोधले तर कधी आंध्रातली अमरावती समोर येते, तेही पाहा.

बिरसी: २१.५३ उत्तर, ८०.२९ पूर्व. बेलोरा: २०.८१ उत्तर, ७७.७२ पूर्व.

अक्षांशांतला फरक ०.७२. एक अंश म्हणजे १११ किमी, म्हणून ८० किमी. रेखांशांतला फरक २.५७. रेखांश ध्रुवांकडे जवळ येत जातात, त्यामुळे इथे १११ ला ०.९३ ने गुणायचे (२१ अंशाचा कोसाइन). आले २६५ किमी. आता शाळेतला पायथागोरस: ८० चा वर्ग अधिक २६५ चा वर्ग, त्याचे वर्गमूळ २७७ किमी. १.८५२ ने भागले की सुमारे १५० सागरी मैल.

सगळ्यात जास्त चूक होते ती अंश-मिनिटांत. २१ अंश ३२ मिनिटे म्हणजे २१.३२ नव्हे, ३२ ला ६० ने भागा, २१.५३ येते. इथे चुकलात तर बिंदू उत्तर-दक्षिण दिशेने २३ किमी सरकतो. हजार-दोन हजार किमीच्या प्रवासाला ही सपाट रीत वापरू नका, गोलाकार पृथ्वीचे सूत्र घ्या.

वेळेसाठी आधी विमान कोणते ते ठरवा. बेलोऱ्याची धावपट्टी १,८५० मीटर आहे. १६ एप्रिल २०२५ ला तिथली मुंबई सेवा एटीआर-७२ ने सुरू झाली. हे पंख्याचे विमान ताशी साधारण ५०० किमी जाते. जेटचा ८०० चा आकडा इथे धरला की हिशेब बिघडलाच. वेग नॉटमध्ये (ताशी सागरी मैल) दिला असेल तर अंतरही सागरी मैलांत घ्या.

२७७ भागिले ५०० म्हणजे ३३ मिनिटे. समोरून ताशी ५० किमीचा वारा असेल तर ३७, मागून असेल तर ३०. पण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणे, सावकाश चढणे, उतरणे, वळसे यांना २० ते २५ मिनिटे धराच. छोट्या मार्गावर हीच मिनिटे भारी पडतात: एकूण ५५ मिनिटे ते एक तास. ही सरळ रेषा नागपूरच्या जवळजवळ डोक्यावरून जाते, त्यामुळे तिथल्या वाहतुकीसाठी विमानाला वळवले तर आणखी थोडी भर.

आखाताचा प्रवास मोजताना घड्याळांतला फरक हिशेबात धरायला विसरू नका. दोहा आपल्या अडीच तास मागे आहे. तिकिटावर निघण्या-पोहोचण्याच्या वेळा आपापल्या ठिकाणच्या असतात. म्हणून जाताना प्रवास अडीच तासांनी लहान दिसतो, येताना तेवढाच मोठा.