सरकारी भरती आणि खासगी कंपनी: निवड कशी होते, तयारी कशी करावी

पोलीस भरतीचा फॉर्म भरणारा मुलगा आणि चाकणच्या कंपनीत सीव्ही पाठवणारा मुलगा पुष्कळदा एकच असतो. पण दोन्हीकडे माणूस निवडण्याची रीत वेगळी आहे. राज्यघटनेच्या कलम १६ नुसार सरकारी नोकरीत सर्वांना समान संधी द्यावी लागते, म्हणून तिथे निवडीचे निकष आधीच छापलेले असतात. खासगी कंपनीला आपलं अडलेलं काम करणारा माणूस हवा असतो, आणि निकष ती स्वतः ठरवते.

१. सरकारी भरतीची जाहिरात शेवटच्या पानापर्यंत वाचा. वय कोणत्या तारखेला मोजणार, पात्रता कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण हवी, हे आधी पाहा. मग जागांचा तक्ता. त्यात सामाजिक प्रवर्गांबरोबर समांतर आरक्षणही असतं, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या जागांमध्येच राखून ठेवलेल्या जागा: महिलांसाठी ३० टक्के, खेळाडूंसाठी ५ टक्के, शिवाय माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त वगैरे. पोलीस शिपाई पदासाठी एकाच जिल्ह्यात किंवा आयुक्तालयात अर्ज करता येतो. म्हणून मित्र कुठे भरतात यापेक्षा आपल्या प्रवर्गाच्या जागा कुठे आहेत ते बघा.

२. कागदपत्रं जाहिरातीच्या आधी तयार ठेवा. अधिवास, जात प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन क्रिमीलेयर. जात वैधतेला वेळ लागतो आणि नॉन क्रिमीलेयरची मुदत संपते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि आधारवर नाव वेगळं असेल तर आजच दुरुस्त करा. मेरिटमध्ये येऊन पडताळणीत बाद होणारी मुलं पाहिली की फार वाईट वाटतं, कारण ते टाळता येण्यासारखं असतं.

३. गुण कुठून येतात ते मांडा. शिपाई भरतीत ग्राउंडचे, म्हणजे मैदानी चाचणीचे, ५० गुण: मुलांना १६०० मीटरचे २०, १०० मीटरचे १५, गोळाफेकीचे १५, मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. ग्राउंडला निम्मे गुण हवेत. त्यातून प्रवर्गनिहाय एका जागेमागे दहा जण लेखीला बोलावतात. लेखी १०० गुणांची, ९० मिनिटांची. अंतिम यादी दोन्हींच्या बेरजेवर लागते. त्यामुळे ग्राउंडला काठावर पास होणारा लेखीला मागूनच सुरुवात करतो. इथे मुलाखत नाही. केंद्र सरकारनेही २०१६ पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद केल्या आहेत.

४. परीक्षेनंतर संकेतस्थळ बघत राहा. उत्तरतालिकेवर आक्षेप घ्यायला मोजकेच दिवस मिळतात. चुकीच्या उत्तरावर पुराव्यासह आक्षेप घ्या. एका गुणात यादी हलते. प्रतीक्षा यादीत नाव असेल तर फोन नंबर बदलू नका.

५. खासगीत सीव्ही त्या जागेसाठी लिहा. अर्ज खूप असले की मोठ्या कंपन्यांत पहिली चाळणी बहुतेकदा सॉफ्टवेअरवर लागते. जाहिरातीतली कौशल्यं तुम्हाला खरंच येत असतील, तर त्याच शब्दांत लिहा. "मेहनती, प्रामाणिक" यापेक्षा "सीएनसी मशीनवर दोन वर्षं, सेटिंग स्वतः करतो" हे बोलकं आहे. तिथे काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून रेफरल, म्हणजे कंपनीकडे तुमचं नाव सुचवणं, मागायला लाजू नका. ती वशिलेबाजी नव्हे. अनेक कंपन्यांत त्यासाठी रीतसर योजना असते. मुलाखत तरीही तुम्हालाच द्यायची आहे.

६. मुलाखतीला कामाची उदाहरणं घेऊन जा. विभागप्रमुख काम येतं का ते पाहतो. एचआर पगाराची अपेक्षा, नोटीस पिरियड आणि टिकणार का ते पाहतो. अनुभव फुगवू नका, कारण पीएफच्या नोंदींवरून आधीच्या नोकरीच्या तारखा तपासता येतात. पगार बोलताना सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) किती आणि हातात किती, दोन्ही आकडे विचारा.

७. पैसे मागितले तर तिथेच थांबा. सरकारी परीक्षेचं शुल्क फक्त अधिकृत संकेतस्थळावर भरा. खासगी नोकरीसाठी "डिपॉझिट" किंवा "ट्रेनिंग फी" मागणाऱ्याला काहीही देऊ नका. ऑफर लेटर आलं तर कंपनीच्या कार्यालयात स्वतः फोन करून खात्री करा, मगच आधीच्या नोकरीचा राजीनामा द्या.