कार्यालयीन गटासाठी लोहगडावरचा एक दिवस

गटाच्या प्रशिक्षणासाठी निसर्गात जायचे असेल, तर आधी उद्देश एका वाक्यात लिहून काढावा. तो लिहिता येत नसेल, तर ती सरळ सहल समजावी, आणि सहलीतही काही गैर नाही. पुण्यातील गटाला लोहगड सोयीचा पडतो, कारण मळवलीपर्यंत लोकल जाते आणि पायऱ्यांची वाट बहुतेकांना झेपते. चढताना वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याने ठरवावा, वरिष्ठांनी मागे राहावे. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा हे गडाचे चार दरवाजे ओलांडेपर्यंत कोण कोणासाठी थांबते, हे मार्गदर्शकाने केवळ पाहावे, टोकू नये. माथ्यावर विंचूकाट्याच्या, म्हणजे गडाच्या लांब निमुळत्या सोंडेच्या, दिशेने दोघादोघांनी २० मिनिटे चालत बोलावे: निम्मा वेळ एकाने कामातील अडचण सांगावी, दुसऱ्याने सल्ला न देता फक्त प्रश्न विचारावेत, मग अदलाबदल करावी. समोरासमोर बसून जे ओठांवर येत नाही, ते शेजारी चालताना सहज निघते. पावसाळ्यात शनिवार-रविवारी तेथे जत्रा भरते, म्हणून मधला वार निवडावा आणि निसरड्या विंचूकाट्यावर उतरू नये. परतल्यावर पिठलं-भाकरी खाताना प्रत्येकाने स्वतःत बदलायची एकच गोष्ट वहीत लिहावी; तीच वही तीन आठवड्यांनी कार्यालयात पुन्हा उघडावी.