कंट्री संगीताचे ‘ग्रेटेस्ट हिट्स’ अल्बम कसे निवडावेत

रॉक किंवा जॅझ ऐकणारे लोक ‘ग्रेटेस्ट हिट्स’ अल्बमला, म्हणजे गायकाच्या गाजलेल्या गाण्यांच्या संकलनाला, सहसा कमी लेखतात. खरा श्रोता मूळ अल्बम ऐकतो, असं त्यांचं म्हणणं. कंट्री या अमेरिकन संगीताच्या बाबतीत, निदान १९७०च्या आधीच्या कंट्रीच्या बाबतीत, हे उलटं आहे. कंट्रीचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलमध्ये तेव्हा तीन तासांच्या एका सेशनमध्ये तीन-चार गाणी ध्वनिमुद्रित व्हायची आणि सगळा जीव सिंगलमध्ये (दोन्ही बाजूंना एकेक गाणं असलेल्या छोट्या तबकडीत) ओतलेला असायचा, कारण रेडिओ आणि ज्यूकबॉक्सवर सिंगलच वाजायची. एलपी, म्हणजे अनेक गाण्यांची मोठी तबकडी, नंतर यायची. त्यात एक-दोन हिट गाणी, बाकी इतर गायकांच्या गाजलेल्या गाण्यांची आवृत्ती आणि थोडी भरती. हँक विल्यम्स १ जानेवारी १९५३ला २९व्या वर्षी गेला, तोवर त्याच्या नावावर दहा इंची दोनच एलपी होत्या. त्याचं सगळं मोठं काम सिंगलमध्ये आहे, म्हणजे त्याला ऐकायचं तर संकलनाला पर्यायच नाही.

प्रश्न असतो तो कुठलं संकलन घ्यायचं याचा. एकाच गायकाची वीस-पंचवीस संकलनं बाजारात असतात, गाण्यांची नावं सारखी, मुखपृष्ठावर तोच फोटो, आणि आत भलतंच काहीतरी.

आधी कंपन्यांची यादी करा

कागद घ्या आणि गायक कोणत्या वर्षी कोणत्या कंपनीकडे होता ते लिहा. विकिपीडियावरच्या डिस्कोग्राफीत (गायकाच्या रेकॉर्डच्या यादीत) हे दहा मिनिटांत सापडतं. ध्वनिमुद्रणाचे हक्क कंपनीकडे असतात, त्यामुळे एका कंपनीचं संकलन बहुतेक वेळा तिच्या वाट्याच्या वर्षांपुरतंच असतं.

जॉनी कॅश १९५५ ते १९५८ सन रेकॉर्ड्सकडे होता, मग १९८६पर्यंत कोलंबियाकडे, पुढे काही वर्षं मर्क्युरीकडे, आणि १९९४पासून निर्माता रिक रुबिनच्या अमेरिकन रेकॉर्डिंग्जकडे. सनवाल्या संकलनात ‘रिंग ऑफ फायर’ मिळणार नाही, कारण ते कोलंबियाचं. जॉर्ज जोन्सचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं आहे: स्टारडे, मर्क्युरी, युनायटेड आर्टिस्ट्स, म्युझिकोर, मग एपिक. ‘व्हाइट लाइटनिंग’ (१९५९) मर्क्युरीचं, ‘शी थिंक्स आय स्टिल केअर’ (१९६२) युनायटेड आर्टिस्ट्सचं, ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ (१९८०) एपिकचं. तिन्ही मूळ स्वरूपात एकाच ठिकाणी हवी असतील तर दुसऱ्या कंपन्यांकडून परवानगी घेऊन केलेलं संकलन शोधावं लागतं. १९९४चं दोन सीडींचं ‘द इसेन्शियल जॉर्ज जोन्स: द स्पिरिट ऑफ कंट्री’ तसं आहे. कॅशसाठी २००२चं ‘द इसेन्शियल जॉनी कॅश’ घ्या. दोन सीडी, ३६ गाणी, सन आणि कोलंबिया दोन्ही. शेवटच्या काळातलं ‘हर्ट’सुद्धा त्याच संचात हवं असेल तर २००५चं ‘द लेजंड ऑफ जॉनी कॅश’.

गाणं तेच, ध्वनिमुद्रण कुठलं?

सर्वांत जास्त फसगत इथे होते. गायक कंपनी बदलतो तेव्हा जुनी ध्वनिमुद्रणं मागेच राहतात. मग नवी कंपनी त्याच्याकडून तीच हिट गाणी पुन्हा गाऊन घेते, म्हणजे विक्रीचा पैसा जुन्या कंपनीला जायला नको. आवाज त्याच माणसाचा असतो, पण वय वाढलेलं, वादक वेगळे, आणि पहिल्या वेळची ओढ गेलेली. टेलर स्विफ्टने २०२१पासून आपले अल्बम पुन्हा गायले ते जाहीरपणे, नावात तसं लिहून. जुन्या कंट्रीत ही गोष्ट बारीक अक्षरात असते किंवा नसतेच.

‘फोल्सम प्रिझन ब्लूज’ घ्या. कॅशच्या आवाजात त्याची निदान चार ध्वनिमुद्रणं बाजारात फिरतात: १९५५चं सनचं, १९६४च्या ‘आय वॉक द लाइन’ अल्बममधलं कोलंबियाचं, १३ जानेवारी १९६८ला फोल्समच्या तुरुंगात कैद्यांसमोर झालेलं, आणि १९८८च्या ‘क्लासिक कॅश’मधलं मर्क्युरीचं. ठेवायची दोन, १९५५चं आणि १९६८चं. लाइव्ह म्हणजे दुय्यम हा नियम इथे लावू नका, कारण कंट्रीच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं ते तुरुंगातलंच.

‘आय वॉक द लाइन’ कानानेच ओळखता येतं. १९५६च्या मूळ ध्वनिमुद्रणात तीनच वाद्यं आहेत: कॅशची गिटार, ल्यूथर पर्किन्सची इलेक्ट्रिक गिटार आणि मार्शल ग्रँटचा बास. ड्रम नाही. कॅशने गिटारच्या तारांत कागद अडकवला होता, त्यातून येणारा कोरडा खरखरीत ठेका ब्रशने वाजवलेल्या ड्रमसारखा वाटतो, पण तो तारांचाच आहे. खरा ड्रम स्पष्ट ऐकू आला की ते नंतरचं समजा. हेडफोन लावून पहिली वीस सेकंदं ऐकलीत तरी पुरे.

पॅट्सी क्लाइनच्या बाबतीत वेगळी काळजी घ्यावी लागते. १९६०पर्यंत ती फोर स्टार या कंपनीच्या करारात अडकलेली होती. त्या काळात तिने ५१ गाणी गायली आणि त्यांतलं खरं हिट एकच, १९५७चं ‘वॉकिन’ आफ्टर मिडनाइट’. ‘आय फॉल टू पीसेस’, ‘क्रेझी’, ‘शीज गॉट यू’ ही सगळी त्यानंतरची, डेक्काची. फोर स्टारची गाणी स्वस्तात मिळत गेल्यामुळे पॅट्सीच्या नावाने निघालेल्या ढीगभर स्वस्त संकलनांत तीच भरलेली असतात. यादीत ‘वॉकिन’ आफ्टर मिडनाइट’ आहे आणि ‘क्रेझी’ नाही, असं दिसलं की ते संकलन तिथेच सोडा. आणखी एक खाच: ‘वॉकिन’’ तिने १९६१मध्ये डेक्कासाठी पुन्हा गायलं. मागे जॉर्डनेअर्स या गायकवृंदाचा कोरस ऐकू येतो ते हे दुसरं. पहिल्यात स्टील गिटार पुढे आहे. पॅट्सी ५ मार्च १९६३ला विमान अपघातात गेली, हयातीत तिचे तीनच स्टुडिओ अल्बम निघाले होते. १९६७चा बारा गाण्यांचा ‘पॅट्सी क्लाइन्स ग्रेटेस्ट हिट्स’ अमेरिकेत एक कोटीच्या पुढे गेला, आणि तिच्यासाठी सुरुवात अजूनही त्यानेच करावी.

डॉली पार्टनने दोनदा गायलेलं ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ मात्र दोन्ही वेळा, १९७४ला आणि १९८२ला, कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. तिथे संकलन कुठल्या काळातलं आहे ते पाहून गाणं कुठलं असेल ते ठरवावं. साधं, उघडं गाणं हवं असेल तर १९७४चं.

तपासताना चार गोष्टी बघा. मागच्या बाजूला किंवा अ‍ॅपमध्ये अल्बमच्या तळाशी वर्तुळातला पी (ध्वनिमुद्रणाच्या हक्काची खूण) आणि त्यापुढे वर्ष व कंपनी असते. १९५०च्या गाण्यांसमोर फक्त २०१०च्या पुढचं वर्ष आणि कधी न ऐकलेली कंपनी असेल तर संशय घ्या. नुसतं नवं वर्ष मात्र पुरावा नाही, संकलनाला नवं वर्ष लागतंच. ‘री-रेकॉर्डेड’, ‘न्यू स्टिरिओ रेकॉर्डिंग’, ‘बाय द ओरिजिनल आर्टिस्ट’ असे शब्द शोधा. शेवटचा शब्दप्रयोग गायक मूळचा असल्याचं सांगतो, ध्वनिमुद्रण मूळचं असल्याचं नाही. मूळ सिंगलची लांबी आणि या गाण्याची लांबी ताडून पाहा, दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त फरक असला तर गाणं वेगळं आहे किंवा कापलेलं आहे. शेवटी डिस्कॉग्स या रेकॉर्डची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर त्या संकलनाचं पान उघडा, तिथे लोक पुन्हा केलेल्या ध्वनिमुद्रणांच्या नोंदी इमानेइतबारे करतात.

मूळ गाण्यावर चढवलेले थर

ध्वनिमुद्रण मूळचं असूनही बिघडवलेलं असू शकतं. हँक विल्यम्स गेल्यावर एमजीएम कंपनीने त्याच्या गाण्यांवर व्हायोलिनचे ताफे चढवले, मोनोचं (दोन्ही कानांत एकच आवाज येणाऱ्या ध्वनिमुद्रणाचं) खोटं स्टिरिओ केलं, १९६५मध्ये तर मुलाचा आवाज जोडून बापलेकांची युगुलगीतं काढली. हँकच्या मूळ गाण्यांत, ‘कॉ-लायजा’सारखा अपवाद सोडला तर, ड्रम जवळपास नाहीतच. फिडल, स्टील गिटार, बास आणि तो आवाज. १९७८ला ‘४० ग्रेटेस्ट हिट्स’ या दुहेरी एलपीने ही पुटं बाजूला सारून मूळ मोनो पुन्हा लोकांसमोर आणलं. संकलन कसं असावं याचा याहून चांगला नमुना कंट्रीत सापडणं कठीण.

जिम रीव्हज आपल्याकडे, विशेषतः मुंबई-गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत, नाताळच्या दिवसांत हमखास वाजतो. तो ३१ जुलै १९६४ला विमान अपघातात गेला, आणि त्यानंतर अनेक वर्षं आरसीए त्याच्या आवाजाखाली नवा वाद्यमेळ घालून रेकॉर्ड काढत राहिली. मूळ टेपवर आवाज वेगळ्या ट्रॅकवर असल्याने ते शक्य झालं. १९८१मध्ये त्याचं पॅट्सी क्लाइनबरोबरचं ‘हॅव्ह यू एव्हर बीन लोनली’ आलं. प्रत्यक्षात दोघांनी ते स्वतंत्रपणे गायलं होतं आणि दोघेही केव्हाच गेले होते. रीव्हजचं संकलन घेताना प्रत्येक गाण्याचं साल दिलेलं असेल तेच घ्या, आणि ‘ही’ल हॅव टू गो’ लावून पाहा. मूळ गाण्यात वाद्यं अगदी मोजकी आहेत, तो कुजबुजल्यासारखा माइकच्या जवळ गातो. तिथे तंतुवाद्यांचा ताफा आला की अल्बम परत ठेवा.

‘नंबर वन’ कोणाच्या यादीतला?

जॉर्ज स्ट्रेटच्या २००४च्या ‘५० नंबर वन्स’मध्ये लोकप्रिय गाण्यांची यादी छापणाऱ्या बिलबोर्ड या नियतकालिकाखेरीज इतर व्यावसायिक नियतकालिकांच्या यादीतले पहिले क्रमांकही धरले आहेत, बिलबोर्डच्या हिशेबाने त्याची आजवरची अशी गाणी ४४. यात लबाडी नाही, पण दोन गायकांची तुलना करताना एकच यादी धरा. २०१२च्या ऑक्टोबरपासून बिलबोर्डच्या मुख्य कंट्री यादीत स्ट्रीमिंगही मोजलं जातं, त्यामुळे त्याआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवू नयेत.

संकलनात एक-दोन नवी गाणी घालण्याची पद्धत आहे, म्हणजे सगळे अल्बम असलेल्यालाही ते विकत घ्यावं लागतं. कधी कधी ही भर सोन्याची निघते. केनी रॉजर्सच्या १९८०च्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’मधलं लायनेल रिचीने लिहिलेलं ‘लेडी’ नवंच होतं. अ‍ॅलन जॅक्सनच्या १९९५च्या संकलनातली ‘टॉल, टॉल ट्रीज’ आणि ‘आय’ल ट्राय’ ही दोन्ही नवी गाणी पहिल्या क्रमांकावर गेली. अशी गाणी गायकाच्या नेहमीच्या अल्बममध्ये शोधून सापडत नाहीत.

गार्थ ब्रूक्सचा ‘द हिट्स’ १९९४च्या डिसेंबरमध्ये आला आणि एक कोटी प्रतींनंतर मागे घेतला गेला. अठरा गाण्यांची ही सीडी जुन्या बाजारात भरपूर दिसते, त्यामुळे ‘दुर्मीळ’ म्हणून कोणी चढा भाव सांगितला तर देऊ नका. गार्थची मूळ गाणी बहुतेक स्ट्रीमिंग सेवांवर नाहीत, त्याने अ‍ॅमेझॉन म्युझिकशी करार केला आहे. दुसऱ्या अ‍ॅपवर त्याच्या नावाखाली जे मिळतं ते बहुधा दुसऱ्या कोणी गायलेलं असतं.

आपली यादी करताना

विकत घ्यायचं नसेल तर स्ट्रीमिंगवर स्वतःचं संकलन करा. गायकाची सिंगलची यादी उघडा, पहिल्या दहांत आलेली गाणी वर्षांसह उतरवा आणि प्रत्येक गाणं त्याच्या मूळ अल्बममधून उचला. गाणं फक्त सिंगल म्हणून आलं असेल तर कंपनीच्या अधिकृत संकलनातून घ्या. क्रम वर्षानुसारच ठेवा. आवाज कसा उतरत, खोल होत गेला ते त्याशिवाय कळत नाही. २४ ते २८ गाणी पुरेत. जुनी सिंगल अडीच मिनिटांच्या आसपासची असल्याने हे साधारण तासाभराचं होतं. मग हिट नसलेली पाच-सहा गाणी जोडा, मुख्यतः सिंगलच्या मागच्या बाजूची.

काही अल्बम मात्र फोडू नका. विली नेल्सनचा ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ (१९७५) ही सलग गोष्ट आहे, मार्टी रॉबिन्सचा ‘गनफायटर बॅलड्स अँड ट्रेल साँग्ज’ (१९५९) आणि कॅशचा १९९४चा ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’ हेही सलगच ऐकायचे.

जुनी एलपी घेत असाल तर मागचा मजकूर वाचा. ‘इलेक्ट्रॉनिकली रीप्रोसेस्ड फॉर स्टिरिओ’ असेल तर ते मोनोचं खोटं स्टिरिओ: एका कानात खर्ज, दुसऱ्यात चिरका भाग, वर घुमारा. त्याच एलपीची मोनो आवृत्ती मिळाली तर ती घ्या. टीव्हीवर जाहिराती करून विकलेल्या वीस-वीस गाण्यांच्या एलपी टाळा. एका बाजूला पंचवीस मिनिटांच्या वर मजकूर कोंबला की खाचा जवळजवळ येतात, आवाज बारीक होतो, आणि जागा पुरावी म्हणून गाणी अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने कापलेली असतात. शेवटी तबकडी दिव्याखाली तिरकी धरा आणि आतल्या टोकाचं शेवटचं गाणं लावून पाहा. झीज तिथे सर्वांत आधी ऐकू येते: ‘स’ फुटतो, आवाज फाटतो. संकलनाच्या एलपी लाखोंनी छापल्या गेल्यामुळे त्यांना पुनर्विक्रीत फारसा भाव नसतो, म्हणून चांगल्या स्थितीतली दुसरी प्रत सापडेपर्यंत थांबायला हरकत नाही.