समुद्रावर पक्षी बघायला जाताय? तिकिटाआधी तिथी बघा

दुर्बीण, टोपी, पाण्याची बाटली हे सांगत बसत नाही. अंबाझरी तलावावर नेता तेच. पण अंबाझरीचं पाणी जागच्या जागी असतं आणि समुद्राचं नसतं, हे मला नागपूरपासून आठशे-नऊशे किलोमीटर गेल्यावर कळलं. भरतीची वेळ न बघता गेलो होतो.

रिझर्व्हेशन 60 दिवस आधी उघडतं म्हणून घाईने तारीख ठरवली. कोकणात पहाटे साडेपाचला उठून किनाऱ्यावर गेलो, तर खडक गायब. वाळूची चिंचोळी पट्टी आणि त्यावर दोन कुत्री. चहाच्या टपरीवरचे काका म्हणाले, "आज अष्टमी ना? दुपारी या." दुपारी गेलो, भांगाची (पाण्याचा चढ-उतार कमी असतो त्या दिवसांतली) ओहोटी, म्हणून अर्धीमुर्धी, वर ऊन आणि पोरांचं क्रिकेट. दुसऱ्या दिवशी नवमी, तेच रडगाणं.

तर तिथी. कोकणातला ढोबळ हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी, आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला पाणी भरलेलं. ओहोटी त्यानंतर सहाएक तासांनी. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास, म्हणून सकाळी सहाच्या सुमारास पाणी पार आत गेलेलं, आणि उधाणाचे दिवस असल्याने नेहमीपेक्षा जास्तच आत. तिथून तृतीयेपर्यंतच्या सकाळी धरा. वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. गावागणिक थोडं मागेपुढे होतं, त्यामुळे नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा. पण तिथी आधी, तिकीट नंतर. मुहूर्तासाठी कॅलेंडर बघता ना? मग यासाठीही बघा राजेहो.

यात काय मिळतं? पाणी उतरलं की इवले खेकडे बिळाबाहेर येतात, वाळू तोंडात घेऊन त्यातलं खाण्याजोगं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी टाकून देतात. बिळाभोवती मोहरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी. भरती आली की पुसली. चिखले आणि तुतवार हे किनाऱ्यावरचे पक्षी त्याच ओल्या पट्ट्यात चरतात. फोटोसाठी त्यांना उडवू नका. हजारो किलोमीटरवरून आलेत बिचारे.

उजाडतं नागपूरपेक्षा वीसेक मिनिटं उशिरा, त्यामुळे आपल्या हिशेबाने घाई नको. सूर्य जमिनीकडून, पाठीमागून येतो. पक्ष्यांवर उजेड छान पडतो. चप्पल नको, मागे पट्टा असलेली सॅंडल घ्या, कारण शेवाळावर घसरतं आणि खडकाला चिकटलेली कालवं पाय कापतात. शंकूसारखा जिवंत शंख हातात घेऊ नका, काहींचा डंख विषारी असतो. खडकांवर लांब गेलात तर पाणी फिरायच्या आधी परता. मागची वाट आधी बुडते. म्हणजे परत तेच, वेळ माहीत हवी. लिहून खिशात ठेवा, रेंज नसते.

दुर्बीण ओल्या फडक्याने पुसा, मीठ बसतं. थर्मास न्या. शिंपले गोळा करू नका. माझ्या एका शंखात खेकडा होता, अकोल्यापासून डब्यात वास सुटला.