झडीतल्या कोंबड्या : आधी जमीन कोरडी, मग जंताचं औषध

पावसाळ्यात कोंबडी वाळत चालली, अंडी घटली की ‘मर आली’ म्हणून लोक मोकळे होतात. मर, म्हणजे मानमोडी (राणीखेत) हा साथीचा रोग, वेगळी. ती काही दिवसांत खुराडं रिकामं करते. जंत झालेली कोंबडी मात्र दाणे टिपत राहते आणि तरीही हलकी होत जाते. तिला उचलून छातीवरून बोट फिरवा. मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागलं, तुराही फिका दिसला, तर जंतांची शंका घ्या. एखादी मेलीच तर हातमोजे घालून आतडं उभं चिरून बघा. गोलकृमी पांढरे, बोटभर लांब असतात. जास्त झाले की त्यांच्या गुंत्याने आतडं तुंबतं.

या कृमींची अंडी विष्ठेतून बाहेर पडल्यावर लगेच बाधत नाहीत. ओल आणि ऊब मिळाली की साधारण दोन आठवड्यांत ती तयार होतात आणि दाण्याबरोबर पुन्हा पोटात जातात. आपल्या काळ्या जमिनीत जून ते सप्टेंबर त्यांना दोन्ही आयतं मिळतं. कोंबडीला औषध पाजून त्याच चिखलात सोडली, तर दीड-दोन महिन्यांत ये रे माझ्या मागल्या. म्हणून आधी खुराड्यात आणि दारापुढे मुरूम टाकून जागा वीतभर उंच करा, पाण्याला उतार काढून द्या. आत कोरडा भुसा पसरा, रोज खालीवर करा. पाण्याच्या भांड्याभोवतीचा भिजलेला भुसा मात्र त्याच दिवशी बाहेर काढा. सगळी घाण तिथूनच सुरू होते. दाणे जमिनीवर फेकू नका, पसरट भांड्यात द्या. आणि उकिरडा खुराड्याला खेटून नको.

तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं पंख फुगवून कोपऱ्यात बसली आणि विष्ठेत ताजं लाल रक्त दिसलं, तर ते जंत नव्हेत, कॉक्सिडिया, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे आतड्यातले परजीवी. (दिवसातून एक-दोनदा पडणारी चॉकलेटी, चिकट विष्ठा नेहमीचीच असते, तिला घाबरू नका.) दमट भुशात याची बीजं एक-दोन दिवसांतच तयार होतात आणि साध्या फिनाईलने मरत नाहीत. जंताचं औषध इथे कामाचं नाही. डॉक्टर बहुधा अँप्रोलियम देतात. ते चालू असताना बी-कॉम्प्लेक्स पाजू नका. त्यातल्या बी-१ जीवनसत्त्वाने औषधाचा जोर जातो.

पाइपराझिन हे जंताचं औषध फक्त गोलकृमींवर चालतं. चपट्या पट्टकृमींना ते लागू पडत नाही, आणि मुंग्या, माश्या, भुंगेरे खाऊन हे पट्टकृमी मोकळ्या कोंबड्यांना होतातच. त्यामुळे औषध आणण्याआधी सकाळची ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घेऊन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या. परभणी आणि उदगीरला तर पशुवैद्यक महाविद्यालयंच आहेत.

पाण्यातून औषध द्यायची शिफारस बंद शेडसाठी ठीक. परसातली कोंबडी डबक्याचं, मोरीचं पाणी पिऊन येते. औषधाचं पाणी तसंच राहतं. तिला पहाटे खुराडं उघडण्याआधी, उपाशीपोटी, थोड्या ओल्या भरड्यातून किंवा थेट चोचीत द्या. मात्रा वजनावर ठरते. शेळ्यांची उरलेली बाटली काढून अंदाजाने झाकणभर ओतणं बंद करा. औषधानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, तेही विचारून घ्या. पुढचे दोन-तीन दिवस विष्ठा गोळा करून दूर खड्ड्यात पुरा. बाहेर पडलेले कृमी इतर कोंबड्या टिपतात. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा एक डोस लागतो, कारण आतड्याच्या अस्तरात दडलेल्या बारक्या अळ्या पहिल्या डोसात बऱ्याचदा वाचतात. मानमोडीची लस द्यायची असेल तर जंतनाशक लसीच्या एक आठवडा आधी द्या.

गच्चीवर कबुतरं पाळणाऱ्यांनी कोंबड्यांचं औषध त्यांना परस्पर देऊ नये. अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल ही जंतनाशकं बाधून कबुतरं दगावू शकतात.