आपलाच युक्तिवाद तपासताना

सोसायटीच्या वार्षिक सभेसाठी मी एकदा टिपण लिहिले होते: शेजारच्या सोसायटीने मे महिन्यात बोअरवेल घेतली, जूनअखेर त्यांचे टँकर बंद झाले, म्हणून आपणही बोअरवेल घ्यावी. मला ते बिनतोड वाटले. आता असे बिनतोड वाटले की मी लिहिलेले एक रात्र बाजूला ठेवते आणि सकाळी कागद-पेन घेऊन तपासायला बसते.

प्रथम आपले म्हणणे आणि त्याचे कारण वेगवेगळ्या ओळींत लिहावे. न्यायशास्त्राने, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राने, अनुमानाचे प्रतिज्ञा (आपले म्हणणे), हेतू (त्याचे कारण), उदाहरण (नियम आणि त्याचा दाखला), उपनय (तो नियम समोरच्या प्रसंगाला लावणे) आणि निगमन (निष्कर्ष) असे पाच अवयव सांगितले आहेत. माझ्या अनुभवात गफलत बहुधा उदाहरणापाशी होते, कारण तेथे ‘जेथे हे, तेथे ते’ ही व्याप्ती उघड मांडावी लागते. ‘जेथे धूर, तेथे अग्नी’ हे टिकते. उलट केले की टिकत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो. मी ‘जेथे बोअरवेल, तेथे टँकर नाही’ असे लिहिले आणि मागच्या गल्लीतली कोरडी गेलेली बोअर लगेच आठवली. शिवाय जूनमध्ये पाऊसही सुरू झाला होता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली नव्हती कशावरून?

यानंतर पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाची बाजू, लिहावा, आणि तो समोरच्याला ‘हो, हेच मला म्हणायचे होते’ असे वाटेल इतका प्रामाणिक असावा. हे सर्वांत कठीण, म्हणून यावर अधिक वेळ द्यावा. खजिनदार काका केवळ खर्चाला घाबरतात, असे मी धरून चालले होते. विचारल्यावर ते म्हणाले, “खर्चाचं नाही हो, पाणी लागलंच नाही तर ते पैसे परत कोण देणार?” हा मुद्दा माझ्या टिपणात कुठेच नव्हता.

शेवटी, आपण सत्य शोधण्यासाठी वाद करीत आहोत, की जिंकण्यासाठी जल्प, हे स्वतःला विचारावे. मी सर्वांत वरच्या मजल्यावर राहते आणि आमच्याकडचे पाणी सर्वांत आधी बंद होते. हा माझा स्वार्थ मी समासात लिहून ठेवला.

सुधारलेले टिपण असे झाले: ‘शेजारी बोअरवेलनंतर टँकर बंद झाले, परंतु त्याच सुमारास पाऊसही सुरू झाला. म्हणून आधी भूजल सर्वेक्षण करून घ्यावे, आणि शेजाऱ्यांची येत्या एप्रिल-मेमधील टँकरची बिले पाहून निर्णय करावा.’