जुन्या स्वेटरची पानं: लोकरीचं ॲप्लिक घरी कसं करायचं

ऑक्टोबर लागला की इथे न्यू जर्सीत मेपल लाल व्हायला लागतात, हीटर चालू होतो, आणि आमच्या डायनिंग टेबलावर फराळाच्या डब्यांशेजारी लोकरीचे तुकडे पसरलेले असतात. पानं, भोपळे असं काहीतरी लोकरीतून कापायचं आणि लोकरीवरच शिवायचं (हेच ॲप्लिक), थँक्सगिव्हिंगपर्यंत टेबल रनर, म्हणजे टेबलावर घालायची लांब पट्टी, तयार. शिवण सोपी आहे. घोडं अडतं ते लोकरीपाशी.

क्राफ्टच्या दुकानातल्या स्वस्त फेल्ट शीट बहुतेक ॲक्रिलिक नाहीतर पॉलिएस्टरच्या असतात, नकोतच त्या. थ्रिफ्ट स्टोअरमधून (वापरलेल्या वस्तूंच्या दुकानातून) जुने स्वेटर आणा आणि आतलं लेबल वाचा. शंभर टक्के लोकर उत्तम, ऐंशीपर्यंत चालेल, पण "सुपरवॉश" किंवा "मशीन वॉशेबल" लिहिलं असेल तर ठेवून द्या परत, कारण लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, गरम पाणी, साबण आणि घासणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून घट्ट होतं, आणि सुपरवॉशमध्ये नेमके ते खवलेच निकामी केलेले असतात. कितीही धुवा, ढिम्म. लेबल नसेल तर एक धागा सिंकवर धरून जाळा: केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरली तर लोकर, कडक प्लॅस्टिकची गाठ झाली तर ॲक्रिलिक.

आता धुणं. स्वेटर अख्खा टाकू नका, आधी शिवणीवरून कापून बाह्या, पुढचा-मागचा भाग वेगळा करा, नाहीतर घड्या कायमच्या बसतात. तुकडे चेनवाल्या उशीच्या अभ्र्यात घालायचे, नाहीतर सुटलेला भुगा मशीनचा पंप तुंबवतो. सोबत घासायला एक जुनी जीन्स, थोडा साबण, सगळ्यात गरम सायकल. लाल रंग वेगळाच धुवा, तो सगळ्यांना गुलाबी करून सोडतो. आणि "एकदा लावा आणि विसरा" सांगणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका! दर दहा मिनिटांनी बघायचं (दार लॉक होणारं मशीन असेल तर छोटी सायकल पुन्हापुन्हा लावा). विणीचे टाके दिसेनासे झाले, कोपरा कापल्यावर धागा सुटला नाही, की थांबा. जास्त आटलं तर सुईच आत जात नाही, आणि आटलेलं परत सैल होत नाही. ड्रायरमध्ये अर्धवट वाळवा, मग सपाट पसरून.

पुढचं पटापट. फ्रीझर पेपरवर (एका बाजूला प्लॅस्टिकचा चकचकीत थर असलेला कागद) पान काढा, चकचकीत बाजू खाली ठेवून कोरडी इस्त्री फिरवा, चिकटला की त्याच्यासकट कापा, मग कागद सोलून काढा. कड दुमडायची नाही, एवढ्यासाठीच तर लोकर आटवली. टाचण्यांनी तुकडा फुगतो म्हणून मी सरळ स्टेपल मारते. धागा आठ नंबरचा पर्ल कॉटन (पीळदार, चमकदार सुती भरतकामाचा धागा), सुई चोवीस नंबरची शेनिल (मोठ्या नेढ्याची, टोकदार). टाका हेम घालतो तसा तिरका, साधारण तीन मिलिमीटर, ओढून घट्ट करू नका. काजटाका दिसतो छान पण पानाच्या टोकांवर फार वेळ खातो, मी तो फक्त भोपळ्याच्या गोल कडेला घालते.

झाल्यावर उलट्या बाजूने वाफेची इस्त्री. रनर मळला तर गार पाण्यात हाताने धुवायचा, मशीनमध्ये अजिबात नाही, खालचं कापड आणि पानं वेगवेगळी आटतात आणि सगळं आक्रसून बसतं. आवरून ठेवताना घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, कसर लागते.